तापणं आणि निवणं : नव्याने पळायला लागणाऱ्यांसाठी

दर वर्षी एप्रिल-मेमध्ये आमच्या ग्राउंडवर नवी पोरं येतात. परीक्षा संपलेली असते. कुणाला सैन्यात जायचं असतं, कुणाला पोलिसात, एखादी कॉलेजची मुलगी नुसतं अंग हलकं ठेवायचं म्हणून येते. आठ-दहा दिवस झाले की त्यांतलं कुणीतरी हमखास विचारतं, "सर, पळताना एवढा घाम येत नाही, थांबल्यावर मात्र धारा लागतात. असं का हो?"

मला हा प्रश्न फार आवडतो. त्याचं उत्तर नीट समजलं की व्यायामात अंग कसं सांभाळायचं ते निम्मं कळलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात आहे, त्यामुळे भरतीच्या धावेचा सोळाशे मीटर हा आकडा आजूबाजूच्या खेड्यांतल्या पोरांच्या कानावर लहानपणापासून पडलेला असतो. ते किती मिनिटांत पळायचं हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. पळताना अंग तापतं किती आणि मग निवतं कसं, हे सांगणारे थोडे. नवख्यांना येणारी चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत येणारे गोळे, दिवसभर ठणकणारं डोकं, यांतला बराच त्रास या एका न सांगितलेल्या गोष्टीमुळे होताना मी वर्षानुवर्षं पाहतोय.

आधी थोडा हिशेब

पळताना वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. हिशेब ढोबळ आहे, पण कामाला येतो. ६० किलोचा मुलगा १६०० मीटर पळाला तर झाल्या ९६. यांतला फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष पळण्याच्या कामी येतो. उरलेल्या ७०-७२ किलोकॅलरींची स्नायूंमध्येच उष्णता होते.

आता ६० किलोचं शरीर १ अंशाने तापवायला सुमारे ५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर एका सोळाशेत अंग जवळजवळ दीड अंशाने तापेल. १० किलोमीटर पळालात तर ९ अंशांनी. ३७ मध्ये ९ मिळवा आणि बघा. ४० च्या पुढे मेंदूचं काम बिघडायला लागतं, इथे तर ४६ होतात.

तरीसुद्धा १० किलोमीटर पळून लोक घरी जातात, आंघोळ करून पोहे खातात. पळताना त्यांचं आतलं तापमान ३८-३९ पर्यंत जातं आणि तिथेच थांबतं, कारण उष्णता तयार होते त्याच वेळी ती बाहेर काढायचं कामही जोरात चाललेलं असतं. या कामाचा मुकादम मेंदूच्या तळाशी बसलेला आहे, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. रक्त किती तापलंय आणि कातडी किती तापलीय, दोन्हीकडच्या बातम्या त्याच्याकडे येतात. मग तो दोन हुकूम सोडतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि आतलं गरम रक्त पृष्ठभागावर येतं. पळणाऱ्याचा चेहरा लाल होतो तो यामुळे. आणि अंगभर पसरलेल्या २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी पाझरायला लागतात.

बसल्या जागी कातडीला मिनिटाला जेमतेम पाव ते अर्धा लिटर रक्त पुरतं. कडक उष्म्यात तेच ६-७ लिटरपर्यंत जाऊ शकतं. हृदय एकच, आणि त्याच वेळी पायांचे स्नायूही रक्त मागत असतात. शिवाय घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत जातं. म्हणून उन्हात वेग तोच ठेवला तरी नाडी चढत जाते. नवख्याला वाटतं आपला दम कमी पडला. दम कमी पडलेला नसतो, हृदयावर दुप्पट काम आलेलं असतं.

खानापूरचा माठ

घाम कसा काम करतो हे मी पोरांना माठ दाखवून समजावतो. खानापूरची माती मडक्यांसाठी नावाजलेली, त्यामुळे आमच्याकडे घरोघरी माठ असतो. मार्चमध्ये सावलीतल्या माठाला हात लावून बघा. बाहेरून दमट, बोटांना गार. आतलं पाणी पाझरून बाहेर येतं, कोरड्या हवेत वाळतं आणि वाळताना माठातली उष्णता घेऊन जातं. तोच माठ जुलैत बघा. बाहेरून निथळतोय, खालच्या ताटलीत पाणी साचलंय, आणि आतलं पाणी नळाच्या पाण्यासारखंच. पाझरणं चालू आहे, वाळणं बंद पडलंय.

आपल्या कातडीचंही नेमकं हेच. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वरच्या हिशेबातल्या १० किलोमीटरच्या उष्णतेला पाऊण लिटरपेक्षा थोडा जास्त घाम पुरतो, पण वाळला तर. हनुवटीवरून टपकलेला थेंब जवळजवळ काहीच नेत नाही. पाणी गेलं, मीठ गेलं, अंग तापलेलं ते तापलेलंच. म्हणून घाम किती आला यापेक्षा किती वाळला हे बघायला शिका.

आपल्या भागात तर हे फारच बघावं लागतं, कारण ४०-५० किलोमीटरवर हवा बदलते. अथणी-रायबागकडे ऊन कडक पण हवा कोरडी, तिथे घाम चटकन वाळतो. तिथल्या पोरांना आपण किती घाम गाळला तेच कळत नाही आणि पाणी कमी पडतं. खानापूर ओलांडून जांबोटी-कणकुंबीकडे गेलात की ऊन सौम्य, हवा दमट, झाडी दाट. बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये, सुमारे ७५० मीटर उंचीवर. पहाट इथे उन्हाळ्यातही सुसह्य असते. दुपार मात्र नसते.

सगळ्यात फसवी असते ती वळवाची संध्याकाळ. चारच्या सुमाराला वळीव कोसळतो, मातीचा वास सुटतो, हवेत गारवा येतो आणि पोरं उधाणून पळायला लागतात. अर्ध्या तासात वारा पडतो, ढगांआडून ऊन परत येतं आणि तापलेल्या जमिनीतून वाफ वर येते. थर्मामीटर ३० च्या आतबाहेर असतो, पण घाम वाळायचं नाव घेत नाही. भर दुपारी पळून चक्कर आलेली पोरं मी थोडी पाहिली, कारण दुपारी शहाणा माणूस पळतच नाही. वळवानंतरच्या संध्याकाळी बसकण मारलेली पुष्कळ पाहिली.

आता त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. ताशी १०-१२ किलोमीटरने पळताना तेवढ्याच वेगाचा वारा तुमच्या अंगावरून जात असतो. घाम येतो तसा वाळतो, म्हणून दिसत नाही. थांबलात की तो वारा थांबला. आतली उष्णता मात्र लगेच कुठे जाते? हायपोथॅलॅमसला अजून अंग तापलेलंच दिसतंय. घाम येत राहतो, वाळत नाही, आणि धारा लागतात.

पहिले १४ दिवस

शरीर उष्म्याला सरावतं. हे सरावणं मनाचं नसतं, रक्तात आणि घामाच्या ग्रंथींत खरोखर बदल होतात. पहिल्या पाच-सहा दिवसांत रक्तातल्या पाण्याचा अंश वाढतो, त्यामुळे त्याच वेगाला नाडी कमी राहते. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि कमी खारट येतो, कारण ग्रंथी मीठ परत ओढून घ्यायला शिकतात. हे सगळं व्हायला ७ ते १४ दिवस लागतात, आणि तेही रोज थोडं उष्म्यात हललात तरच. पंख्याखाली बसून सराव होत नाही.

मी नव्या मुलांना पहिले तीन दिवस फक्त २० मिनिटं देतो, तीही आलटून पालटून चालत आणि पळत. बोलता येईल एवढाच वेग. चौथ्या दिवसापासून रोज चार-पाच मिनिटं वाढवायची, आणि वेगाला पहिला आठवडा संपेपर्यंत हात लावायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड थोडं जोरात. १४ दिवस झाल्याशिवाय टायमिंग लावायचं नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. पोरं म्हणतात, "काय होत नाही सर, अजून एक राउंड मारतो की." मी ऐकत नाही.

हा सराव टिकत मात्र नाही. दोन-तीन आठवडे पळणं सुटलं की बराचसा उतरतो. पुण्याला एसीत काम करून महिन्याभराने सुट्टीला आलेला जुना गडीही पहिल्या आठवड्यात नवखाच समजावा. यात चूक होते, कारण त्याच्या पायांना जुना वेग आठवत असतो आणि अंग त्याला तयार नसतं.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती क्वचितच सांगितली जाते. पाळीच्या आधीच्या साधारण दोन आठवड्यांत आतलं तापमान मुळातच ०.३ ते ०.५ अंशांनी जास्त असतं. त्या दिवसांत तेवढंच पळणं जड गेलं तर घाबरू नका. पाणी जवळ ठेवा आणि वेळ थंड निवडा.

घरातून निघण्याआधी

पहाटेची वेळ सगळ्यात चांगली. हवा गार असते म्हणून, आणि शरीराचं स्वतःचं तापमानही पहाटे दिवसातलं सगळ्यात कमी असतं म्हणून. संध्याकाळपेक्षा अर्ध्या अंशाच्या आसपास खालून सुरुवात होते.

हवा किती दमट आहे हे कळायला मी रात्री दोरीवर पिळून टाकलेला टॉवेल बघतो. पहाटे तो वाळलेला असेल तर ठरलेलं पळावं. हाताला ओला लागला तर तुमचा घामही तसाच ओला राहणार, अंतर कमी करावं. याला शास्त्र म्हणणार नाही, पण अंदाज चांगला येतो.

कपडे सैल आणि पातळ. सुती बनियन घाम शोषते, पण भिजल्यावर जड होऊन अंगाला चिकटते. पळायला मिळतात ती पातळ, हवा खेळणारी टी-शर्टं दमट हवेत बरी. भर उन्हात फिकट रंग घाला.

आणि जर्किन. हे खूळ मला मनापासून छळतं. वजन उतरावं म्हणून पोरं उन्हाळ्यात जर्किन घालतात, काही तर आतून प्लास्टिक गुंडाळतात. तालमीतली मुलंही कुस्तीच्या वजनासाठी हे करतात. किलोभर वजन उतरतं हे खरं, पण ते पाणी असतं आणि दोन तांबे पाणी प्यायलात की परत येतं. चरबी घामातून जात नाही. त्या बदल्यात तुम्ही माठाला बाहेरून प्लास्टिक गुंडाळलेलं असतं. पाझरतं सगळं, वाळत काही नाही, आणि आतलं तापमान चढत राहतं. ज्याने जर्किन घातलंय त्याला मी ट्रॅकवर येऊच देत नाही.

निघण्याआधी तास-दोन तास एक-दोन पेले पाणी पुरे. पहाटे पळणाऱ्याने उठल्या उठल्या एक पेला प्यावं. लघवी फिकट पिवळी असेल तर अंगात पाणी पुरेसं आहे. गडद असेल तर आधी पाणी, मग पळणं.

ताप असेल, अंगात कणकण असेल, जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर त्या दिवशी पळायचं नाही. यावर चर्चा नको.

पळताना

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. पहिली दहा मिनिटं हळू, म्हणजे घामाला सुटायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात घड्याळाचा वेग न बघता श्वासाकडे बघा. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली जो वेग सहज निघतो तो येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या उघड्या चढावर निघणार नाही, आणि तो काढायचा हट्टही धरू नये. तासाच्या आतल्या पळण्याला मध्ये पाणी न प्यायलं तरी चालतं. त्यापुढे तहान लागेल तसे दोन-दोन घोट.

अंगावर काटा येणं, उन्हात थंडी वाजल्यासारखं होणं, डोकं जड होणं, मळमळणं, पाय भलतीकडे पडणं, यांतलं एक जरी जाणवलं तरी राउंड पुरी करायची नाही. तिथेच थांबायचं, सावलीत जायचं.

थांबल्यावरचा पहिला तास

व्यायामाचा हा भाग पोरं सगळ्यात जास्त टाळतात. रेष ओलांडली की गुडघ्यावर हात ठेवून उभं राहायचं नाहीतर धपकन बसायचं, हे सगळीकडे दिसतं.

पळताना पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू दर पावलाला आकसतात आणि शिरांतलं रक्त वर ढकलतात. कातडीच्या आणि पायांच्या रक्तवाहिन्या त्या वेळी रुंद उघडलेल्या असतात. तुम्ही एकदम थांबलात तर हा पंप थांबतो, वाहिन्या मात्र उघड्याच. रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी येतं, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून थांबल्यावर निदान १० मिनिटं चालायचं. आधी भराभर, मग सावकाश, सावलीत, आणि वारा असेल त्या बाजूला. चालताना चक्कर वाटलीच तर उताणं पडून पाय भिंतीला किंवा सायकलीला टेकवून वर करायचे. मिनिटा-दोन मिनिटांत बरं वाटतं.

यापुढची गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. व्यायाम थांबल्यावर शरीर रक्तदाब सावरायच्या मागे लागतं. त्यासाठी ते कातडीकडे जाणारं रक्त आखडतं घेतं आणि घामही आवरतं, आतली उष्णता अजून पुरती उतरलेली नसतानाच. त्यामुळे आतलं तापमान व्यायामाच्या आधीपेक्षा थोडं चढं, असं तास-दीड तास राहू शकतं. घाम वाळला, श्वास जागेवर आला, म्हणजे अंग निवलं असं समजू नका. सोळाशे मारून १५ मिनिटांनी दुसरा सोळाशे मारणारा मुलगा ३७ पासून नव्हे, ३७.५-३८ पासून सुरुवात करतो. उन्हाळ्यात दोन जोरकस राउंडांमध्ये मोठी विश्रांती ठेवा. ती उभ्याने किंवा चालत न घेता थोडा वेळ पाय वर करून पडून घेतलीत तर अधिक चांगलं, कारण रक्त हृदयाकडे परतलं की कातडीला पुन्हा मोकळेपणाने मिळतं.

लगेच आंघोळ करून आलेला मुलगा कपडे घालतो आणि पुन्हा घामाघूम होतो, त्याचंही कारण हेच. पाण्याने कातडी निवली, आत अजून भट्टी चालू आहे. २०-३० मिनिटं थांबून आंघोळ केली तर हे टळतं. आपल्याकडे उन्हाळ्यातही बंबातलं कढत पाणी घ्यायची सवय आहे. पळून आल्या आल्या ते घेऊ नका. आधीच उघडलेल्या रक्तवाहिन्या आणखी सैल होतात आणि न्हाणीघरात पडण्याची वेळ येते. साधं पाणी घ्या.

पावसाळ्यात आणि थंडीत हीच गोष्ट उलट्या बाजूने लागते. डिसेंबरच्या पहाटे किल्ला तलावाच्या काठी पळून थांबलात, बनियन भिजलेली आणि वरून बोचरा वारा, की पाच मिनिटांत हुडहुडी भरते. पळताना तयार होणारी उष्णता बंद झालेली असते, कातडीतून बाहेर जाणं चालूच असतं. पिशवीत कोरडी बनियन आणि एक जुना स्वेटर ठेवा आणि चालणं सुरू करण्याआधी बदला.

पाणी आणि मीठ

आपल्याला किती पाणी लागतं हे दुसऱ्याला विचारू नका, वजनकाट्याला विचारा. पळायच्या आधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. पळून आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. १ किलो कमी म्हणजे १ लिटर घाम. मध्ये पाणी प्यायला असाल तर ते मिळवा. माझं स्वतःचं जानेवारीत तासाला अर्धा लिटर जातं आणि मेमध्ये सव्वा लिटरच्या घरात. माझ्यासोबत त्याच वेगाने पळणाऱ्या एकाचं याच्या निम्मं जातं. म्हणून सरसकट "रोज चार लिटर प्या" या सल्ल्याला अर्थ नाही. वजन २ टक्क्यांहून जास्त उतरू नये, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं सव्वा किलोच्या आत राहावं.

वजन वाढलेलं दिसलं, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. हे जास्त घातक आहे. तासन् तास पळताना नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते, आणि त्याने माणसं दगावलेली आहेत. तहान लागेल तेवढं प्या.

१ लिटर घामातून साधारण १ ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ. माणसामाणसात यात बराच फरक असतो. टोपीवर, बनियनवर पांढरे डाग पडत असतील तर तुम्ही खारट घामवाले आहात. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. पेलाभर ताकात चिमूटभर मीठ आणि जिरं, किंवा आमच्या घरी आईच्या वेळेपासून होते ती नाचण्याची आंबील: रात्री भिजवलेलं पीठ सकाळी शिजवायचं, निवल्यावर ताक आणि मीठ घालून पातळ करायचं. पाणी, मीठ आणि पिष्ट पदार्थ एकाच तांब्यात. फार घाम गेला असेल किंवा गोळे येत असतील तर ओआरएसचं पाकीट १ लिटर पाण्यात. ते नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मिठाच्या गोळ्या नुसत्या गिळू नका.

रक्तदाबाच्या किंवा लघवी साफ होण्याच्या गोळ्या चालू असतील, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर पळणं सुरू करायच्या आधी आणि मीठ वाढवायच्या आधी डॉक्टरांशी बोला. यांतल्या काही औषधांनी घाम, नाडी आणि अंगातलं पाणी यांचं गणित बदलतं. साठीच्या पुढे घामही कमी येतो आणि तहानही उशिरा कळते. व्यायामाला आलेल्या काकांना मी पाणी प्यायची आठवण करतो ती त्यासाठी.

आधी पाणी ओता

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, वळीव पडून गेलेल्या एका संध्याकाळी, एक १९ वर्षांचा मुलगा आमच्यासमोर पडला. महिनाभर बाहेरगावी राहून आलेला, चौथाच दिवस, आणि टी-शर्टच्या आत त्याने प्लास्टिक गुंडाळलेलं होतं. तिसऱ्या राउंडला तो वाकडातिकडा पळायला लागला. हाक मारली तर भलतंच बोलला, मला ओळखेना, आणि खाली कोसळला. अंग घामाने चिंब होतं. मला वाटलं, घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही. आम्ही कांदा हुंगवला, तळवे चोळले, मग रिक्षा बोलावली आणि रहदारीतून दवाखान्यात नेलं. त्यात जवळजवळ पाऊण तास गेला. पोरगा वाचला, पण बरेच दिवस दवाखान्यात होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तिथेच पाणी ओतायला हवं होतं."

ती चूक माझी. व्यायामातल्या उष्माघातात कातडी कोरडी असायलाच हवी असं नाही, बहुतेकदा ती घामेजलेलीच असते. ओळखायची खूण एकच: तापलेला माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, शुद्ध हरपते. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो आतलं खरं तापमान दाखवत नाही.

अशा वेळी एकाने १०८ ला फोन करावा. बाकीच्यांनी त्याच क्षणी कपडे, बूट, प्लास्टिक काढून त्याला थंड करायला लागावं. मोठा टब असेल तर गार पाण्यात मानेपर्यंत बसवा आणि मागून काखेत हात घालून डोकं वर धरून ठेवा. टब नसेल तर मिळेल त्या पाण्याने बादलीमागून बादली अंगभर ओतत राहा, एकाने टॉवेलने जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर त्यात बुडवलेली फडकी छाती, मान, काखा, जांघा यांवर ठेवून दर मिनिटाला बदला. अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरलं तर वाचण्याची शक्यता फार चांगली असते. म्हणून आधी थंड करायचं, मग हलवायचं. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. उलटी होत असेल तर कुशीवर करा.

पॅरासिटामॉल देऊ नका. तापात हायपोथॅलॅमसनेच पातळी वर नेलेली असते आणि गोळी ती खाली आणते. उष्माघातात पातळी जागेवरच असते, उष्णता बाहेर जायचा रस्ता तुंबलेला असतो. तिथे गोळीचा उपयोग होत नाही, उलट लिव्हरला इजा होऊ शकते.

त्या वर्षापासून ग्राउंडच्या कडेला चिंचेखाली आमचं एक निळं पिंप उभं असतं. त्याचं तोंड कापून रुंद केलेलं आहे, शेजारी दोन बादल्या, दोन जुन्या चादरी आणि ओआरएसची पाकिटं असलेला डबा. मार्च ते जून रोज पहाटे जो पहिला येतो तो पिंप भरतो, आणि मगच बूट बांधतो.